लिंबाला वळसा

मंगळवार, मार्च १९९७
कतारगाम, सुरत

आज पुन्हा पालिकेच्या कचेरीत गेलो. चौकातले रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे पार पुसले गेलेत, माझी पोर छाया तिथूनच शाळेत जाते, हे परत सांगितलं. साहेब मान वर न करताच म्हणाले, "काका, पट्टा तो मारेला छे." मारले होते हो, दिवाळीआधी! आता कुठायत?

पण पट्टे होते तेव्हा तरी कोण थांबायचं?

परतताना चौकात, पट्ट्यांच्या जागीच, कोणीतरी उतारा टाकलेला दिसला. दहीभात, वर कुंकू लावलेलं लिंबू. प्रत्येक टेम्पोवाला त्याला भिऊन ब्रेक मारत होता! घरी सांगितलं तर बायको मंगला म्हणाली, "मग रोज मीच ठेवसू लिंबू." हसलो. पण खरंच ठेवावं का, असंही वाटलं.

संध्याकाळी छायाला आणताना लिंबू तिथंच होतं. साड्यांचे गठ्ठे भरलेला टेम्पो आला आणि लिंबू चुकवायला थेट आमच्या अंगावर वळला. छायाला ओढलं म्हणून वाचली. शिव्या देत धावलो, तर ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "भाऊ, खाली उतारा होता ना!"

लिंबू ओलांडायला नको म्हणून मीही तिला पट्ट्यांची जागा सोडून बाजूनेच नेत होतो.