दगडापलीकडचं झाड

१ नोव्हेंबर १९८७, रविवार
आज सकाळी पाचालाच उठलो, आंघोळ करून नव्या घरातला पहिला दिवा लावला आणि चहाआधी मागचं दार उघडलं. कुंपणाच्या तारेवर वेडा राघू बसला होता. तुमच्या स्वागताला आलाय, उमा म्हणाली. बदली अंबरनाथच्या कारखान्यात झाली, घर मिळालं कुळगावात. आम्हा नवरा-बायकोला पुरेशा दोन खोल्या, मागे अंगण, त्यापुढे कापलेली भातखाचरं आणि लांब डोंगर. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला देवानं याहून काय द्यावं?

तरी एक हवंच आहे. माझ्या रशियन कॅमेऱ्याच्या साध्या लेन्समधून पक्षी मोहरीएवढा येतो. गावच्या शाळेत गुरुजींनी एकदा दुर्बिणीतून सर्पगरुड दाखवला होता. त्याच्या डोळ्याभोवतीची पिवळी कडा चाळीस वर्षं विसरलेलो नाही. ती एकदा फोटोत यावी.

८ नोव्हेंबर, रविवार
कारखान्याच्या बागेत काम करणारा देऊ मला त्याच्या वाडीवर घेऊन गेला, बारवी धरणाच्या बाजूला, आमच्या अंगणातून दिसतो त्याच डोंगरात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पण चढावर मीच धापा टाकत होतो. सायबाच्या पोटात कारखान्याचा डबा बोलतोय, असं त्यानं दोनदा ऐकवलं. समोरच्या उतारावर एक वठलेलं झाड आहे आणि त्यावर सर्पगरुडाची जोडी. मी पुढे निघालो तर देऊनं हात धरला. वाटेत शेंदूर लावलेला दगड आहे, त्यापलीकडे वाडीचं कोणी जात नाही, की तिकडे टक लावून बघत नाही. दर वर्षी पिकाची झोडणी झाली की दगडापाशी भात आणि कोंबडा ठेवतात, तोही पाठमोरे होऊन, आणि मागे न बघता परततात. कोणासाठी, ते देऊनं सांगितलं नाही. मी दगडाला हात जोडले.

इथून झाड फार लांब पडतं. लांबचं जवळ ओढणारी चारशेची लेन्स असती तर!

१५ नोव्हेंबर, रविवार
उमा म्हणाली, देवापुढे बसता तेव्हाही ध्यान लेन्सचंच असतं, घ्या एकदाची म्हणजे देवही सुटेल. दोघं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. जुने रेडिओ, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या सिंधी दुकानदारानं कपाटातून ती काढली. जड, काळी, काचेवर एक ओरखडा नाही. "साईं, दूर का सब खींच लेगा," तो म्हणाला. "पाँच मीटर के अंदर मत पूछना. उधर ये अंधा है."

घरी येऊन लेन्स देवापुढे ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. उमा हसत होती.

२२ नोव्हेंबर, रविवार
दगड ओलांडला नाही. अलीकडेच बसून फोटो काढले. मी कुठे गेलो? फक्त लेन्स गेली. कॅमेऱ्याला डोळा लावला आणि गरुडानं मान वळवली. ती पिवळी कडा! डोळे भरून आले. देऊ सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून बसला होता.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार
स्टुडिओतून फोटो आणले. कडा आली आहे. पण झाडाखाली एक माणूस उभा आहे. डोक्यावरून घोंगडी, पाठमोरा. फोटो काढताना तिथे कोणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. उमा म्हणाली, असेल कोणी गुराखी.

२ डिसेंबर, बुधवार
रविवारी काढलेला दुसरा रोल धुऊन आला. तोच माणूस. या खेपेला दगडाच्या अलीकडे. पाठमोराच. म्हणजे पाठ पुढे करून चालतो.

९ डिसेंबर, बुधवार
दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात जास्वंदीवरच्या शिंजिर पक्ष्याचा फोटो काढला होता. आज आला. शिंजिराच्या मागे, अंगणापुढच्या खाचराच्या बांधावर, घोंगडी.

फोटो देऊला दाखवला. त्यानं पाहिला नाही, पालथा घातला. मग म्हणाला, "आमी वरसावरसाला त्येला लांब ठेवताव, शिरपतभाव. न् तुमी त्येला जवल वढला." लेन्स दगडापाशी ठेवायची आणि मागे न बघता परतायचं, एवढं एकच करता येईल. उशीर करू नका, घरात बाईमाणूस आहे, असंही म्हणाला.

१३ डिसेंबर, रविवार
दगडापर्यंत गेलो. लेन्स ठेवली. तेवढ्यात गरुड अगदी जवळच्या फांदीवर येऊन बसला. एकच फोटो, म्हणून पुन्हा उचलली. मग ठेववली नाही. पिशवीत घालून परत आणली. उमाला सांगितलं, ठेवून आलो. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो. संध्याकाळी जप पुरा झाला नाही.

१८ डिसेंबर, शुक्रवार
उमा म्हणते, दुपारी अंगणात कोणीतरी उभं होतं. घराकडे पाठ करून. ओल्या राखेचा वास. पाणी हवंय का, असंही तिनं विचारलं.

मला नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही. कपाटातून लेन्स काढून पाहिलं. नुसता काळा धूर, फोकस होत नाही —
पाच मीटरच्या आत आहे.

२० डिसेंबर, रविवार
दगडाकडे जायला दोन तास. तेवढा वेळ उमाला एकटं कसं सोडू? आणि खरं सांगायचं तर — अजूनही लेन्स द्यायची नव्हती.

लेन्स उलटी धरली की जवळचं लांब जातं. खोली इवलीशी दिसते. जे ओढलं ते तिनंच लोटावं. कॅमेऱ्यापुढे उलटी धरली, मागच्या दाराकडे रोखली, देवाचं नाव घेऊन खटका दाबला.

वास गेला. अंगण मोकळं.
त्याच क्षणी उमा ताट घेऊन दारात आली होती. मी पाहिलं नाही. ताट पडल्याचा आवाज आला — घरात नाही. डोंगरातून.

२१ डिसेंबर
शेजाऱ्यांना सांगितलं, माहेरी गेली. देऊला तोंड दाखवलं नाही.
लेन्स सरळ करून अंगणातून पाहिलं. वठलेल्या झाडाखाली हिरवं लुगडं. तिळाएवढं. पाठमोरं.

२४ डिसेंबर
हाक येते. संध्याकाळी. फार बारीक. अहो —
दिवा लावतो. ज्योत टिकत नाही. देऊ दारावर येऊन गेला. बाहेरूनच म्हणाला, "वढू नका. आता ती वहिनी नाय."
ती माझी उमा आहे. मीच लोटली.

२७ डिसेंबर, रविवार
केलं. सकाळपासून पूर्ण रोल. प्रत्येक खटक्याला जवळ. झाड — दगड — बांध — कुंपण. चेहरा एकदाही नाही.
शेवटच्या खटक्याला लेन्समध्ये नुसता हिरवा धूर. पाच मीटर.
आता लेन्स लागत नाही. दिसते.
कडी काढली आहे. दारात उभी आहे, पाठमोरीच. अहो म्हणाली. आवाज तिचा. लुगडं तिचं. राखेचा —
उंबऱ्यावर टाच ठेवली. आता मान वळव