हलका चिमिचांगा आणि सैल पँट

ती. आक्का,

तुला वाकून नमस्कार. (वाकलो नाही, मनातल्या मनात केला. पोट आडवं येतं.) तुझी कंबरदुखी कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून पाहुण्यांनी उठावं म्हणून खोकतात? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पण या घरात काहीतरी शिजतंय, आणि ते माझ्यापासून लपवलं जातंय.

सुरुवात माझ्या गुडघ्यापासून. डॉक्टर म्हणाले, कंबर तीन इंच उतरवा, नाहीतर वर्षभरात मशीनचं पायडल मारणं बंद. शिंप्याचं पायडल बंद म्हणजे दुकान बंद, हे तुला सांगायला नको. (डॉक्टरांचा स्वतःचा कोट मी दोनदा सैल करून दिलाय, पण ते असो.) आता तुला ठाऊकच आहे, माझा जीव चिमिचांग्यात अडकलेला. दुकानासमोरचा खानावळवाला तो करतो. मैद्याच्या मोठ्या गोल पोळीत, म्हणजे टॉर्टियात, राजमा, चिकन आणि चीज भरायचं, चारी बाजूंनी दुमडून पुडकं करायचं आणि तेलात बुडवून तळायचं. तुझ्या भावजयीनं तो बंद करून घरी हलका करायला घेतला. टॉर्टिया कणकेचा, चीज नखाएवढं, वर क्रीमऐवजी दही, आणि तळण्याऐवजी तेलाचा नुसता हात फिरवून ओव्हनमध्ये. पहिला पानात आला तेव्हा मी तो उलटापालटा करून तपासला. शिंपी माणूस आधी घडी बघतो. घडी सफाईदार होती, रंग मात्र धुऊन विटलेल्या अभ्र्याचा. चव चांगली निघाली, आणि त्याचाच मला जास्त संशय आला. पथ्याचं खाणं चांगलं लागतं, हे मी तरी कधी ऐकलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, संशय फिटेना म्हणून तुलनेसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी समोर जाऊन खरा एक खाल्ला. मग तुलनेसाठीच रोज. (शर्टावरच्या तेलाच्या डागावर खडूची पूड घासली की डाग दिसत नाही. धंद्यातलं गुपित आहे, कुणाला सांगू नकोस.) आणि आक्का, तीन आठवड्यांत माझ्या पँटी सैल झाल्या. तुझी भावजय म्हणाली, "बघा, उतरतंय की नाही?" मी हो म्हटलं आणि आतून हादरलो. दुपारी तळलेलं आणि संध्याकाळी भाजलेलं खाणाऱ्या माणसाची पँट सैल होते, म्हणजे नक्कीच त्याला आतून काहीतरी पोखरतंय. चार दिवस मी निरवानिरवीत होतो. गिऱ्हाइकांचे कपडे कबूल केलेल्या दिवशी दिले, यावरून काय ते ओळख.

शेवटी टेप घेऊन स्वतःची कंबर मोजली. (जन्मभर जगाच्या कमरा मोजल्या, आपली कधीच नाही.) इंचभर वाढली होती. मग पँट उलटी केली. माणूस आपलं अक्षर विसरेल, आपली शिवण विसरणार नाही. मागची शिवण उसवून, आत सोडलेलं जास्तीचं कापड बाहेर घेऊन कुणीतरी ती हातानं परत शिवली होती. टाके वाकडे, आणि शेवटी ती जाडजूड दुहेरी गाठ, जी तुझी भावजय बटणापासून पिशवीपर्यंत सगळ्याला मारते. पाचही पँटी तशाच. मला हुरूप यावा म्हणून माझ्याच घरात, माझ्याच दोऱ्यानं माझी फसवणूक. तीस वर्षांच्या संसारात विश्वास म्हणून काही असतो की नाही? मी तिच्यापासून कधी काही लपवलं का? (दुपारचं सोड.)

जाब विचारायला तरातरा आत गेलो, तर ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. चष्मा कपाळावर, ओठ घट्ट मिटलेले, आणि दोरा काही जाईना. नवव्या की दहाव्या खेपेला गेला. मांडीवर माझी नवी पँट. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. तसाच मागं फिरलो. त्या दिवसापासून समोरच्याकडे पाऊल टाकलेलं नाही, आज अकरावा दिवस. अर्धा इंच उतरलाय, टेपनं मोजलेला. तिला यातलं काहीच माहीत नाही. तरीही तू घरात मोठी आहेस, नवऱ्याला असं फसवणाऱ्या बाईला चार शब्द सुनावणं तुझं काम आहे.

तुझा,
कुणावरच भरवसा न उरलेला धाकटा भाऊ

ता. क. – सुनावू नकोस. हलका चिमिचांगा तीही माझ्याबरोबर खाते, आणि पहिल्या पंधरवड्यात तिचं काहीच कमी झालं नाही. आरशासमोरून गप्प होऊन उठायची, ते बघवेना. म्हणून तिचे सगळे कपडे दुकानात नेऊन मीच सैल केलेत. (तिला ओळखू येणार नाही. माझे टाके सरळ असतात.)

आणखी एक ता. क. – ती आठ दिवसांसाठी तुझ्याकडे येतेय, आणि हे पत्र तिच्याच हाती देतोय. ती हातपाय धुवायला गेली की तुझा पलंगाखालचा वजनकाटा आधी माळ्यावर टाक. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

शेवटचं – पाकीट डिंकानं चिकटवलेलं नाही, शिवलंय. सात टाके, सरळ. तू घाईची, फाडून मोकळी झाली असशील, तरी दोरा शोधून बघ. टोकाला जाडजूड दुहेरी गाठ असली तर समज, तिनं वाचलंय. मग काटा राहू दे जागेवर. ती रागावलीय की हसतेय, तेवढं मात्र लगेच कळव.