आतल्या खोलीतले पिवळे ठिपके

३ मार्च

साहेबांना भुयारी थडग्याची आतली खोलीही पर्यटकांना उघडायची आहे. "दोन हजार वर्षं टिकलंय मॅडम, आता काय होणार?" माणसाला पद मिळालं की अक्कल रजेवर जाते!

मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत माणसं येतात, तिथल्या दगडावर जिवाणूंचे पिवळे ठिपके. आत कुणी जात नाही, तिथे भिंत स्वच्छ. भिंतीवर रंगवलेली बाई अजून काल न्हाल्यासारखी दिसते. आणखी काय पुरावा हवा?

"उन्हाळाभर दोन्ही खोल्या तपासा. मग बोलू."

बोलूच!

१९ मार्च

रोज आत. भिंतीसमोर स्टूल, शेजारी दिवा. कापसाची काडी दगडावरून फिरवायची, बाटलीत टाकायची, प्रयोगशाळेत पाठवायची.

वन्सं विचारत होत्या, "थडग्यात दिवसभर करतेस तरी काय?" म्हटलं, घरापेक्षा शांत असतं. फुगल्या.

२ मे

आत ठिपका! बाईच्या खांद्यावर, मोहरीएवढा.

पहारेकऱ्याला झापलं — कुणाकुणाला आत सोडतोस? म्हणाला, "किल्ली तुमच्याच पर्समध्ये असते, मॅडम."

हल्ली पहारेकरीही उद्धट झालेत.

३ जून

ठिपके वाढतच चाललेत, आता गळ्यापर्यंत. साहेबांचा चेहरा खुलला. "बघा! माणसं न जाताही होतातच. मग उघडायला हरकत काय?" एक तारखेला निर्णय.

मी वाद न घालता उठून आले. मी! घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

४ जून

स्टुलावर नुसती बसून राहिले. ठिपके सगळे एकाच जागी — बसल्यावर माझं तोंड येतं बरोब्बर त्या उंचीला. बाकी भिंत कोरी.

दिवा विझवून बाहेर आले. स्वतःच्या नाकात काडी फिरवली, बाटलीवर नाव न घालता प्रयोगशाळेत पाठवली.

२० जून

प्रयोगशाळेतल्या गृहस्थांचा फोन. "आतल्या खोलीतले आणि या बिननावी बाटलीतले जिवाणू म्हणजे सख्खे भाऊ, मॅडम! ही भिंत कुठली?"

म्हटलं, आहे एक. जुनीच.

१ जुलै

सगळं सांगितलं. एकट्या माझ्या श्वासाने हे झालं, तर रांग लागल्यावर काय होईल? साहेब हसले नाहीत, हेच नवल. आतली खोली कायमची बंद. "तुमचा अपवाद ठेवू ना?" मी नको म्हटलं, किल्ली टेबलावर ठेवली.

बाईचा निरोप घ्यायला जावंसं फार वाटलं. गेले नाही. तेवढ्यालाही श्वास घ्यावा लागतो.