बाजूचा डबा

बर्लिन,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय लिंडे,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची आपल्या घरातली रीत. आईनं तर हॉस्पिटलातून पाठवलेलं शेवटचं कार्डसुद्धा तसंच सुरू केलं होतं. तेव्हा सगळं ठीक आहे. माझा गुडघा कुरकुरतोय. पपांचा डावा हात अजून मांडीवर कुणी ठेवून विसरल्यासारखा पडलेला असतो, पण उजव्या हातानं सूप स्वतः पितात आणि ते किती भिकार आहे हे नर्सला ऐकवतात. बोलणं बरंचसं परत आलंय. शब्द जड येतात, पण येतात.

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून पत्र लिहिलंस ते बरं केलंस. वर्तमानपत्राला पाठवायचा मजकूरही वाचला. चांगला लिहिलायस. "अडीच तास एक म्हातारा माणूस लोकलगाडीत कोसळून पडलेला, आणि एवढ्या मोठ्या शहरात एकाही माणसाला तो दिसू नये?" हे वाक्य तर दोनदा वाचलं. खाली तुझी सही आहे आणि शेजारी माझ्यासाठी जागा सोडली आहेस. त्या सहीचं पुढे लिहिते.

तू विचारतेस, तिथली माणसं आहेत तरी कसली. सांगते. तीस वर्षं रोज लोकलमध्ये त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतेय, माझ्याइतकं कोण सांगणार? सकाळी आठ वाजता समोर एक जण कांदा घातलेला कबाब खात असतो आणि त्यातला पांढरा सॉस माझ्या बुटावर गळतो. पलीकडची बाई बाजूच्या सीटवर पर्स ठेवते आणि आपण उभ्या असलो की खिडकीबाहेर बघते. गेल्या आठवड्यात एक सुटाबुटातला गृहस्थ नखं कापत होता, हाताची नव्हे. आमच्या स्टेशनातली लिफ्ट अकरा आठवडे बंद होती. सुरू झाली त्याच दिवशी कुणीतरी तिच्यात मुतून ठेवलं. रुळांचं काम निघालं की बदली बस असते, आणि त्या बसमध्ये चढताना माणसं बाबागाड्यांनासुद्धा कोपर मारतात. शी! लिहितानाही नाकाला वास येतोय.

आणि याच सगळ्याचं मी तुम्हाला कौतुक ऐकवत आलेय. दर ख्रिसमसला तुझ्या टेबलाशी बसून मी भाषण द्यायचे: मी मोटार ठेवत नाही, मला गरज पडत नाही, तुमच्या गावात पाव आणायलासुद्धा इंजिन सुरू करावं लागतं. तुझा नवरा अलोइस म्हणायचा, रोझी आली, चाकं लपवा रे. सगळे हसायचे आणि मला राग यायचा. आता वाटतं, तो फारच सभ्यपणे बोलत होता.

पपांच्या गाडीचं तू पुन्हा काढलंस. काढ. तुझा हक्क आहे. पस्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेला माणूस. आपल्या अर्ध्या श्योनेबर्ग भागाला त्यांनी लायसन्स मिळवून दिलं. त्यांच्याकडून किल्ली काढून घेणं म्हणजे काय, हे तू तेव्हा मला बजावलं होतंस. "रोझी, ते फक्त बागेपर्यंत जातात, चार किलोमीटर. जाऊ दे ना." मी जाऊ दिलं नाही. त्यांनी बालवाडीसमोरच्या फुटपाथवर चाक चढवलं होतं, हे खरंच होतं, आणि तिथे कुणी नव्हतं हे निव्वळ नशीब. पण तेवढंच कारण नव्हतं, लिंडे. आपल्या बापानं माझ्यासारखं जगावं, यात मला विजय वाटत होता. गाडी गेली त्या दिवशी मी त्यांच्या हातात वर्षाचा पास ठेवला आणि म्हटलं, आता सगळं शहर तुमचं. ते पासकडे बघत राहिले, जसं एखाद्या नापास विद्यार्थ्याच्या कागदाकडे बघायचे.

नंतर त्यांनी ती वर्तुळगाडी शोधून काढली. शहराला गोल फिरते, तासाभरात जिथे चढलो तिथे परत. नाश्ता झाला की जायचे. बरोबर थर्मास, लोणी लावलेला काळा पाव. एक फेरी, कधी दोन. ड्रायव्हर ब्रेक कसा लावतो त्यावर त्याला गुण द्यायचे आणि मला फोन करून सांगायचे, आजचा पास झाला, किंवा आजच्याला पुन्हा परीक्षेला बसवलं पाहिजे. मी कचेरीत सगळ्यांना हे रंगवून सांगायचे. आपल्या म्हाताऱ्या बापाला दिवसभर जायला दुसरं ठिकाण नाही, हे मी किती गोड करून सांगत होते, ते बघ.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तो दिसला नाही कसा?

इथे एक गोष्ट आहे, ती तुला तुझ्या गावात कळणार नाही. गाडी आली की इथला माणूस आधी डब्यांकडे बघतो. सगळे डबे भरलेले आणि मधलाच एक रिकामा असेल, तर त्यात शिरायचं नाही, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. आत कोपऱ्यात कुणीतरी बेघर माणूस झोपलेला असतो आणि त्याचा वास असतो. चुकून शिरलातच तर आरडाओरडा करायचा नाही, नाक दाबायचं नाही. त्या माणसाचा अपमान होईल. घड्याळात बघायचं. पुढच्या स्टेशनवर शांतपणे उतरायचं, जणू आपल्याला इथेच उतरायचं होतं, आणि दारं बंद व्हायच्या आत बाजूच्या डब्यात चढायचं. त्याच्या तोंडाकडे मात्र बघायचं नाही. झोपलेल्याला उठवणं हाही उद्धटपणा. बिचाऱ्याला ऊब तरी मिळू दे, असं म्हणून आपण स्वतःला दयाळू समजतो. सगळे असंच करतात. चांगली, शिकलेली, निवडणुकीत गरिबांच्या बाजूनं मत देणारी माणसं.

त्या दिवशी, एकवीस जानेवारीला, पपा पावणेदहाला चढले. पहिल्याच फेरीत झटका आला. तोल जाऊन खिडकीशी कलंडले, टोपी डोळ्यांवर आली, आणि पाटलोणीत लघवी झाली. बस, मग ते पपा राहिले नाहीत. मग ते तो माणूस झाले, ज्याच्या डब्यात शिरायचं नसतं. डबा रिकामा झाला आणि रिकामाच फिरत राहिला. सव्वाबाराला तिकीट तपासणारी एक मुलगी आत आली. या शहरात माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतात ते फक्त तिकीट तपासणारेच. तिनं दोनदा तिकीट मागितलं, टोपी वर केली, आणि तिला कळलं. तिनंच गाडी थांबवून ॲम्ब्युलन्स बोलावली. नंतर ती मला हॉस्पिटलात भेटली तेव्हा म्हणाली, "मला आधी वाटलं, फुकट्या असेल. माफ करा." तिला माफी मागावीशी वाटली, लिंडे. तिला.

इथपर्यंत तुला माहीतच आहे. फोनवर एवढंच सांगितलं होतं.

ख्रिसमसला तू पपांना जाकीट पाठवलं होतंस ना, पिवळ्या अस्तराचं, गडद हिरवं? जानेवारीत तू विचारलंस, कसं दिसतं. मी म्हटलं, झकास, अगदी मापाचं. मी ते पाहिलंच नव्हतं; पार्सल पोचलं ख्रिसमसनंतर. आणि तेव्हापासून मी त्यांच्याकडे गेलेच नव्हते. चार रविवार. एकदा सर्दी, एकदा गुडघा, दोनदा नुसताच कंटाळा. त्यांच्या घराला हल्ली न धुतलेल्या कपड्यांचा वास यायचा. मला तो सहन होत नव्हता आणि तसं सांगवतही नव्हतं.

हॉस्पिटलात नर्सनं कपड्यांची प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. मी ती उघडली. वर तेच जाकीट होतं, ओलं. त्या आधी मी ते एकदाच पाहिलं होतं. त्याच सकाळी.

मी त्या डब्यात होते.

त्या दिवशी मला डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून उशिरा निघाले होते. अकराला दहा कमी असताना हेरमानस्ट्रासे स्टेशनवर चढले. डबा रिकामा दिसला तेव्हाच कळायला हवं होतं, पण गुडघा ठणकत होता, म्हटलं बसायला तरी मिळेल. आत पाऊल टाकलं आणि वास आला. कोपऱ्यात खिडकीशी हिरवं जाकीट, पुढे ओढलेली टोपी, सीटखाली ओल. मला किळस आली. साधी, स्वच्छ किळस. त्यात दया वगैरे काही नव्हतं. माझ्या मनात आलेलं वाक्यही सांगते, म्हणजे काही लपवलं असं होणार नाही: असल्यांना आत येऊच कसं देतात. मी घड्याळात बघितलं. पुढचं स्टेशन, टेंपेलहोफ, येईपर्यंत दाराकडे तोंड करून उभी राहिले, तोंडानं श्वास घेत. दोन-तीन मिनिटं असतील. मग उतरले आणि बाजूच्या डब्यात चढले. तिथे जागा मिळाली. मी पुस्तक काढलं.

तिथून पुढे चार स्टेशनं आम्ही बापलेक एकाच गाडीत होतो. मग मी उतरले. ते आणखी फिरत राहिले. अकराला दहा कमी ते सव्वाबारा, तू हिशोब कर. डॉक्टरीण म्हणाली, तासभर आधी आणलं असतं तर हाताचं वेगळं झालं असतं. हे बोलताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी तो ठेवू दिला.

हे चार आठवडे मी कुणाला सांगितलेलं नाही. रोज तीच गाडी धरते, कारण दुसरा रस्ता नाही. रोज प्लॅटफॉर्मवर माणसं रिकाम्या डब्याला टाळताना बघते आणि मला त्यांच्या अंगावर ओकावंसं वाटतं. मग मी कुठे चढते? भरलेल्या डब्यात. अजूनही. परवा मुद्दाम ठरवून रिकाम्या डब्यात शिरले, कोपऱ्यातल्या माणसापर्यंत गेले आणि विचारलं, बरं आहे ना तुम्हाला? त्यानं डोळे उघडून मला शिवी दिली आणि परत झोपला. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. आणि लगेच त्या हलकं वाटण्याचीच शिसारी आली. एका अनोळखी माणसाची शिवी खाऊन मी सुटू बघत होते.

तर सही. तुझा मजकूर सही न करता याच पाकिटातून परत पाठवतेय. छापायला जरूर दे. त्या माणसांना जे जे म्हटलंयस त्यातला एक शब्दही कमी करू नकोस. फक्त "एकाही माणसाला तो दिसू नये" हे काढ. दिसला होता. आणि गाडीचं तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं, असंही मी म्हणणार नाही. त्या फुटपाथवर एखाद्या दिवशी कुणी असतं तर? पण त्यांच्याकडून गाडी काढून घेऊन मी त्यांना ज्या माणसांच्या हवाली केलं, ती माणसं मला ठाऊक होती. मी त्यांच्यातलीच.

शनिवारी त्यांना सोडणार आहेत. तू गाडी घेऊन ये आणि त्यांना तुझ्याकडे ने. मी विरोध करणार नाही, गावातल्या गाड्यांच्या धुराबद्दल एक अक्षर बोलणार नाही. त्यांचे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. जाकीट दोनदा धुतलं.

एक गोष्ट राहिली. ती लिहायची नव्हती, पण तू त्यांच्याबरोबर सहा तास गाडीत बसणार, तेव्हा तुला ती कळेलच.

रविवारी ते सूप पीत होते आणि मी वाडगा धरून बसले होते. त्यांनी चमचा बाजूला केला आणि हळूहळू, एकेक शब्द जोडत म्हणाले, "रोझी, तू चढलीस तेव्हा मी तुला पाहिलं."

त्यांना टोपीच्या खालून दिसत होतं, लिंडे. सगळं दिसत होतं, फक्त तोंड उघडत नव्हतं.

"हाक मारता येईना," ते म्हणाले. "मग तू पुढच्याच स्टेशनवर उतरलीस. मी मनात म्हटलं, पोरगी हुशार, माणसं आणायला गेली. मग मला भीती नाही वाटली." पुन्हा चमचा उचलला. "वेळ लागला तुला. गर्दी असेल."

वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसना त्यांनी हे सांगितलंय. त्या माझ्याशी एवढ्या प्रेमानं का वागतात, ते मला त्या दिवशी कळलं.

ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो पपा. गर्दी होती."

शनिवारी वाटेत ते तुलाही सांगतील, रोझीनं मला वाचवलं. त्यांना खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्याच्यानं होणार नाही.

अजून बहीण म्हणणार असशील तर, तुझी बहीण,
रोझविटा