आठ हजार सातशे आणि तुझा कान

प्रिय सुकुमारा,

आठ हजार सातशे! आपल्या होम थिएटरचा खर्च म्हणून हा आकडा मी इतकी वर्षं गावभर सांगत फिरलो. ॲम्प्लिफायरचं किट, पाच स्पीकर, प्लायवूड, वायरी, दोन माठ, अगदी मधल्या चहासकट. दुकानात हेच चाळीस हजारांच्या पुढं होतं, हे सांगायलाही विसरायचो नाही. रविवारी तुझ्या घरी गेलो आणि पद्मावहिनींनी तो हिशेब एका वाक्यात मोडला.

"भाऊजी, त्यात ह्यांचं कानाचं मशीन धरलंय न्हवं?"

कसलं मशीन? कुणाच्या कानाचं?

तुला जाऊन तीन महिने झालेत. गेलेल्या माणसाशी भांडू नये, हे मला कळतं. पण तू समोर असतास तर गचांडी धरून विचारलं असतं. आता तू नाहीस, म्हणून हा कागद धरलाय.

डावा कान पुरता गेलेला, उजवा अर्धा. आणि हे मला तू गेल्यावर कळावं? मला? उद्यमनगरात बंद शटरच्या बाहेर उभा राहून आतल्या मोटरचं बेअरिंग गेलंय का वायंडिंग, ते सांगणारा, मोटारी गुंडाळणारा वायंडर मी! "शंकऱ्याच्या कानात मीटर बसवलाय," असं तूच लोकांना सांगायचास आणि हसायचास. का हसायचास, ते आता समजलं!

आणि समजणार तरी कसं होतं? या कोल्हापुरात हळू बोलतंय कोण? दोन चहा सांगायलासुद्धा आपण पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचो. दुसऱ्या कुठल्या गावात असतास तर आठवड्यात पकडला गेला असतास, लेका.

हे सगळं सुरू कुठून झालं, आठवतंय? डीव्हीडी प्लेअर नवे नवे आले होते. राजारामपुरीतल्या एका दुकानात काचेच्या खोलीत पाच बाजूंनी आवाज येत होता. तू पुढं झालास आणि काळ्या डब्यावर तळहात टेकवलास. मालक तिथूनच खेकसला, "पावणं, हात लावू नका! ऐकायची वस्तू हाय ती."

त्या माणसाचा मला तेव्हाही राग आला होता. आता दुप्पट येतो. अरे, तू ऐकतच होतास की रे! तुझं ऐकणंच त्यानं झटकून टाकलं!

बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालास, "आपुन करूया की. डबं माझं, तारा तुझ्या."

ट्रान्सफॉर्मर मी माझ्या हातानं गुंडाळला. पुढचे मोठे स्पीकर एका भोंगेवाल्याकडून जुने आणले. मागच्या दोन लहान स्पीकरांना डबे परवडेनात, तेव्हा बापट कॅम्पातल्या कुंभाराकडून दोन माठ आणले आणि त्यांच्या तोंडावर स्पीकर बसवले. आवाज असा घुमला की बस! वहिनी तेवढ्या कडाडल्या, "आनि उन्हाळ्यात पानी कशात भरू? गान्यात?"

मग तुझी ती पट्टी! तू शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर, लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना घडवणारा. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना जरा मोठा करायचा, आणि त्यासाठी तुमची पट्टीच वेगळी. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून किंचित लांब. ती पट्टी तुझ्या हाताला अशी चिकटलेली की घरातला पाटसुद्धा तू तिनंच मापायचास. पुढचे दोन डबेही तिनंच केलेस! पाठीची झाकणं मी माझ्या दुकानात साध्या टेपनं मापून कापली आणि तुझ्याकडं पाठवून दिली. प्लायवूड काय थंड होऊन आक्रसणार होतं? झाकण तोकडं, कडेला फट.

संध्याकाळी मी तुझ्या घरी आलो तर झाकणं लावून डबे तयार. गाणं सुरू केलं आणि मी बोट वर केलं. डाव्या डब्यातनं फुस्स, फुस्स हवा गळत होती. बाकी कुणालाच ऐकू आली नाही. "डावा फुसकतोय!" मी म्हणालो. "उजवा ठणठणीत. उजव्यावर पैज लावतो!" तू मान डोलावलीस. "तू म्हंतोस तर आसंल." मग झाकण खोललंस. नमुन्यांचे कोपरे भरायचं तुमचं ते पिवळं मेण स्वयंपाकघरातनं आणलंस, मऊच होतं, आणि अंगठ्यानं फट बुजवून टाकलीस.

तो किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल! "पॅटर्नमेकरनं हुकवलं, वायंडरच्या कानानं धरलं." तू शेजारी बसून ऐकायचास. ऐकायचास कसला, माझं तोंड बघायचास!

सिनेमा लावायच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत जेवून तू घराच्या पुढच्या सोप्यात आधीच बसलेला असायचास. गल्लीतल्या सगळ्यांना चटया, आणि तू त्या उजव्या डब्याला चिकटून, त्याच्यावर हात ठेवून. मला वाटायचं, गड्याला मालकी दाखवायची हाय. मी मागं बसून आवाजाची बटणं फिरवायचो. तू म्हणायचास, "अजून. अजून. हां, आता बसला." आणि आवाज तिथंच बसलेला असायचा. एकदाही चुकला नाहीस. मग मी तुझ्यावर संशय घ्यायचा तरी कसा?

पहिली काही वर्षं तू फेटलिंगला होतास, असं वहिनी म्हणाल्या. ओतून आलेल्या लोखंडाचे कंगोरे दिवसभर हातोड्यानं, ग्राइंडरनं उडवायचे. तेही मला ठाऊक नव्हतं! कानाला काय द्यायचे? कापूस. तोही घरनं आणायचा! मालकाच्या देव्हाऱ्यातल्या वातींना कापूस मिळत होता, तुमच्या कानांना मिळत नव्हता. आणि तू निवृत्त झालास तेव्हा त्यांनी तुला काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ. टोल्यांचं!

पण खरा राग तुझ्यावरच आहे. ॲम्प्लिफायरला पैसे कमी पडले तेव्हा तू पाकीट आणून माझ्या हातात दिलंस. "फंडातनं उचललं," म्हणालास. फंड कसला? डॉक्टरांनी मशीन लिहून दिलं होतं आणि वहिनींनी त्यासाठी पैसे साठवले होते! मला एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं? ॲम्प्लिफायर सहा महिन्यांनी आला असता. मी चार मोटारी जास्त गुंडाळल्या असत्या.

वहिनींनीही तुला तेच विचारलं होतं म्हणे. तर तू म्हणालास, "दुसऱ्याचं मशीन लावून बघितलं मी. भांडी पडल्यागत वाजतंय. ह्यातनं छातीत येतंय."

छातीत येतंय! बरं. तुला हवं ते तू घेतलंस, हे मी मान्य करतो. पण त्या बाईनं इतकी वर्षं एकेक गोष्ट तुला दोनदोनदा सांगितली, ते कुठल्या छातीत गेलं? तिची हळू बोलायची हौस तू कायमची घालवलीस, सुकुमारा. याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस.

मी रविवारी गेलो होतो ते सगळं सामान उचलायला. तुमची जागा मोकळी होईल, असं म्हणालो. वहिनी डब्याच्या आडव्याच उभ्या राहिल्या.

"न्यायचं न्हाय. सांजच्याला लावतिया मी. खिडकीची तावदानं हादरली की हे घरात हायत आसं वाटतंय. तेवढी उजवीकडची घरघर घालवा, मग जावा."

तुझ्यावर चिडलेला माणूस मी, पेचकस शोधायला लागलो.

तर ऐक. आता तरी ऐक! हा संच त्या सोप्यातनं हलणार नाही. बिघडला तर मी येईन, माझे गुडघे नाही म्हणेपर्यंत. आणि माझ्या दुकानात ग्राइंडरपाशी कानावर टोपण चढवल्याशिवाय कुणाला उभं राहू देणार नाही. कालच आणलीत. कामगार हसतात. हसू देत. तुझ्या नावानं शिव्या देऊन चढवायला लावतोय.

घरघर गेली. एक वायर सुटून स्पीकरच्या कागदी कोनाला लागत होती, दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी उजव्या डब्याचं झाकण पहिल्यांदाच खोललं. मी पैज लावली होती तो डबा. त्यालाही चारी बाजूंनी फट होती. मी त्या संध्याकाळी यायच्या आधीच तू ती हातानं हेरून मेणानं भरली होतीस; म्हणूनच ते मेण मऊ होतं.

तुझा,
शंकऱ्या