पाटीवरचा नंबर

कात्रप, मंगळवार, १४ ऑगस्ट २००७

पासवर्ड काय ठेवला मी, तर क्लासच्या पाटीवरचा फोन नंबर! लक्षात राहावा म्हणून. अख्खं कात्रप ती पाटी रोज वाचतं. कुणीतरी माझ्या इंटरनेटवरच्या प्रोफाइलमध्ये शिरलं आणि पासवर्डच बदलून टाकला. आता मलाच आत जाता येत नाही. सायबर कॅफेवाला म्हणतो, "मॅडम, अब कुछ नहीं हो सकता." क्लासची जाहिरात होईल म्हणून हौसेने लावलेला माझा फोटो, आणि त्याच्याच शेजारून, माझ्या नावाने, क्लासच्या पोरांना वाटेल ते लिहिलं जातंय.

संध्याकाळी नेहाची आई आली, नेहाचं नाव क्लासमधून काढायला. मी म्हटलं, "अहो, ते मी लिहिलेलं नाही."

"नसेलही, मॅडम. पण 'आईबापानं जन्म दिला, अक्कल द्यायची राहिली,' हे वर्गात तुम्हीच म्हणता ना?"

म्हणते. चिडले की म्हणते. वर्गात त्याचं काही वाटायचं नाही. तेच माझ्या फोटोशेजारी लिहिलेलं वाचलं, तेव्हा लागलं.

त्या गेल्यावर रॉकेलचा बोळा घेऊन पाटीवरचा नंबर पुसत बसले. आता पुसून काय उपयोग?

नंबर निघाला. पाटीवर नुसतं माझं नाव उरलंय.