‘छान’ सोडून

२ फेब्रुवारी, सोमवार

खारूचा फोन आला होता. एकवीस तारखेला तिचं प्रदर्शन आहे — एकटीचं, पहिलंच! कोळसा, पेन्सिल, पुठ्ठे, लोकर, काय काय चिकटवलेलं. मी म्हणालो, "अरे वा, छान!"

ती म्हणाली, "बाबा, या वेळी छान म्हणणार असाल तर येऊ नका. खरंच सांगते."

चिडून म्हणाली असती तर मीही चिडलो असतो आणि विषय संपला असता. पण दमल्यासारखी म्हणाली. ते लागलं.

हिला सांगितलं. वाटलं होतं, ही माझी बाजू घेईल. तर म्हणे, "बरोबरच आहे तिचं. गेल्या वेळी चार जणांबरोबर तिची चित्रं होती, तेव्हा तुम्ही छान म्हणालात आणि त्याच श्वासात विचारलंत, गाडी कुठे लावायची." आता गाडी लावायला जागा नव्हतीच, त्याला मी काय करू?

मला चित्रातलं काही कळत नाही. सगळा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात गेला. शिकाऊच्या शेजारी बसायचं, माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तोंड मिटायचं. चुकलं तरच बोलायचं. नीट चाललं असेल तर मी गप्प असतो, तीच माझी शाबासकी. शिकाऊंना हे आठवड्याभरात कळतं. घरातल्यांना अजून कळलेलं नाही.

३ फेब्रुवारी

ठरवलं. एकवीस तारखेपर्यंत चित्रं बघायला शिकायचं. आधी परक्यांची. हात बसवायचा तो दुसऱ्याच्या गाडीवरच! ही म्हणाली, "पी हळद नि हो गोरी."

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनालयाच्या वरच्या दालनात गेलो. प्रत्येक चित्राखाली पाटी — ‘मिश्र माध्यम’. शाळेचं माध्यम ऐकून आहे, चित्राचंही असतं हे नवीन. दाराशी बसलेल्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, एकाच चित्रात शाई, कागद, दोरा, पत्रा असं सगळं वापरलं की मिश्र माध्यम. म्हणजे सरमिसळ. मग तसं लिहा की!

एका चौकटीत गंजलेल्या खिळ्यांची रांग आणि त्यांच्या पेन्सिलीने काढलेल्या सावल्या. दुसरीकडे पाठमोरा माणूस, डोक्याच्या जागी बटणं. सगळं डोक्यावरून गेलं. तोंडातून काय निघालं? ‘छान’. बाई जांभई देत होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही हे नशीब.

८ फेब्रुवारी, रविवार

आज हिला घेऊन गेलो. बंद पडलेल्या छापखान्यात एका बाईंचं प्रदर्शन होतं. भिंतभर कागद, पेन्सिलीने घासून घासून काळाभोर केलेला. मग त्यावर खोडरबराने चित्र. म्हणजे काढलेलं काहीच नाही, नुसतं पुसलेलं! शेजारी काचेच्या बरणीत खोडरबराचा सगळा भुगा. मी हिच्या कानात म्हटलं, "माझ्या शाळेच्या वह्या ठेवल्या असत्या तर आज मीही कलावंत असतो." ही हसली नाही. ही बघत होती.

मग मीही बघितलं. खोली होती. पलंग, खुर्ची, खिडकी. पलंगावर कुणी नव्हतं. पण उशीवर एका जागी त्या बाईंनी काळं पुसलंच नव्हतं, आणि तिथे डोक्याचा खळगा दिसत होता. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय.

मला आईची खोली आठवली. ती गेली त्या सकाळची. चादर नीट करायला कुणी पुढे होत नव्हतं.

माझा पाय निघेना. शेवटी हिनेच दंड धरून बाहेर आणलं. रस्त्यात काही बोललो नाही. ही म्हणाली, "आवडलेलं दिसतंय." कसं कळलं? तर म्हणे, "गाडी कुठे लावली ते विसरलात." विसरलो होतो खरा. दोन गल्ल्या हिंडलो.

९ फेब्रुवारी

‘छान’ऐवजी — सुंदर, मस्त, अप्रतिम, लाजवाब. सगळे एकाच माळेचे मणी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काय माणूस भेटला आजच्या प्रदर्शनात! हा इस्त्रीने चित्रं काढतो. खोटं नाही. पांढऱ्या जाड कापडावर गरम इस्त्री टेकवतो आणि डाग पाडतो. फिका, करडा, तांबूस, काळा. डागांवरून मग बारीक पेन्सिल. एका कापडावर नुसत्या पाठी, रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या. प्रत्येक पाठ म्हणजे इस्त्रीचा एक चटका. त्यावर पेन्सिलीने कुणाचं पोक काढलंय, कुणाची पिशवी, कुणाच्या कडेवर मूल.

तो स्वतःच तिथे होता. गलेलठ्ठ, दोन्ही मनगटांवर भाजल्याच्या खुणा. मी विचारलं, "जास्त वेळ राहिली तर?"

"भोक पडतं."

"मग कापड वाया?"

"मग भोकाचं काय करायचं ते बघत बसतो. कधी कधी आठवडा जातो."

मी पुन्हा रांग बघितली. टोकाची एक पाठ पुचाट वाटत होती. नीट होती, पण पुचाट. मनात आलं ते बोलून गेलो — "इथे तुम्ही घाबरलात. इस्त्री लवकर उचललीत." बोलल्यावर जीभ चावली. उंटावरून शेळ्या हाकायची सवय, दुसरं काय!

तो जवळ जाऊन बघू लागला. मग हसला. "ती सगळ्यात शेवटी केली. ही बिघडली तर आधीच्या सगळ्या वाया जातील अशी धास्ती होती. तुम्ही काय करता?"

"गाडी शिकवतो."

"मग बरोबर," म्हणाला आणि चहा पाजला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, जेवताना, हातातला घास तसाच. किती दिवसांनी असं काही सांगण्यासारखं घडलं! शिकाऊचा पाय कापतो ते मला बूट न बघता कळतं, गाडीच सांगते. पण हातानं काढलेल्या चित्रातही ते उतरतं हे माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

सकाळच्या शिकाऊ दाताच्या डॉक्टर आहेत. त्यांना चौकात इस्त्रीवाल्याचं सांगत होतो. त्या म्हणाल्या, "सर, सिग्नल बघू की चित्र बघू?" गाडी बंद पाडली त्यांनी. दोष माझा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आता फोनवरही हेच बघतो. एक मुलगी सापडली. शिंप्यांचे कापड बेतायचे कागद असतात ना, ते एकावर एक चिकटवते आणि त्या बाहीच्या, गळ्याच्या रेघांतून आपल्या आईचं म्हातारं होत चाललेलं अंग काढते. शाईने, न थरथरता. खारूच्याच वयाची असेल. थोर आहे पोरगी.

आणि तिथेच फोन उपडा ठेवला. खारूची चित्रं इतकी चांगली नसली तर?

आधी बरं होतं. काही कळत नव्हतं, म्हणून सगळं छान होतं. आता मला परवापरवापर्यंत न दिसणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्यात, आणि शनिवारी नेमकं पोटच्या पोरीसमोर उभं राहायचंय. आवडलं नाही तर? खोटं बोललो तर तिला कळणार. खरं बोललो तर पोरगी तुटणार. आधीच ती फोन करते तो आईला, मी मध्ये उचलला तर "आई आहे का?"

हिला म्हटलं, सर्दीचं निमित्त करू का? हिने उठून माझा निळा शर्ट धुवायला टाकला. विषय संपला.

२० फेब्रुवारी

निळा शर्ट इस्त्री केला. इस्त्री धरताना त्या माणसाची आठवण आली. ही म्हणाली, "उद्या तोंड जरा सांभाळा."

२१ फेब्रुवारी, शनिवार

लिहून ठेवतो, नाहीतर झोप येणार नाही.

पोरगी चांगली आहे. बापाच्या मायेनं म्हणत नाही — चांगलीच आहे! मोठमोठी खोकी उलगडून आडवी केलेली, त्यांवर कोळशाने जिने. अंधारे जिने, मोडके कठडे, वळणावर ठेवलेली सायकल. जिथे पुठ्ठ्याची घडी येते तिथेच पायरी येते. भेगांवर दवाखान्यातली चिकटपट्टी. कठड्याला खरी लोकर गुंडाळलेली, धरून धरून मळल्यासारखी. कोळसा असा ओढलाय की पुठ्ठा फाटलाय मधेमधे, आणि तिला त्याची पर्वा नाही. सुसाट! एकेका चित्रापुढे उभा राहिलो. गप्प. खारू लांबून बघत होती.

शेवटच्या भिंतीवर मी होतो.

मागच्या सीटवरून दिसतो तसा. गाडीत शिकाऊच्या शेजारी बसलेला, मान, कान, आरशात अर्धा चेहरा. सीटच्या जागी माझ्या जुन्या गाडीच्या सीटचं खरं कापड चिकटवलेलं. कधी काढून नेलं होतं कुणास ठाऊक. लोक माझ्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीनं बघत होते. ही डोळे पुसत होती. मीही पुसणार होतो.

पण बघत राहिलो, आणि ती पाठ आठवली. इस्त्रीवाल्याच्या रांगेच्या टोकाची. हे चित्रही तसंच. नीट, आणि पुचाट.

खारू शेजारी येऊन उभी राहिली. "बोला."

कसं बोललो देव जाणे. म्हटलं, "जिन्यांमध्ये तू कुणाच्या बापाला भीत नाहीस. इथे मात्र ब्रेकवर पाय आहे. मला जपून काढलंयस. मी इतका गरीब दिसत नाही. मी वसकन ओरडतो, तू चौदा वर्षांची असताना स्टिअरिंगवरून हात झटकला होता तुझा. तो माणूस यात नाही."

तिचं तोंड उतरलं. "बरं," म्हणाली आणि पाहुण्यांकडे निघून गेली. जिने किती आवडले ते सांगायचं राहूनच गेलं.

"अहो, आज पहिला दिवस होता तिचा," ही गाडीत म्हणाली.

२२ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण! तीन आठवडे शिकून काय शिकलो, तर पोरीचा विरस करायला. हिने फोन केला तर खारूने उचलला नाही.

२३ फेब्रुवारी

फोन नाही. पुन्हा एकटाच जाऊन जिने बघून आलो. ती तिथे नव्हती. खालून तिसरा जिना, सायकलवाला, सगळ्यात चांगला आहे. दालनातल्या पोराला सांगितलं, तिला निरोप दे.

२४ फेब्रुवारी

दाताच्या डॉक्टर पास झाल्या. पेढे दिले. खाल्ले नाहीत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

खारूचा फोन. आईला नव्हता, मला होता.

"तुमचं चूक आहे, बाबा. ते चित्र भिंतीवरच राहणार." मी म्हटलं, राहू दे. मग म्हणाली, "शनिवारी सकाळी माझ्याकडे या. दिवसभर समोर बसायचं. तुम्हाला परत काढायचंय."

दाढी करून येऊ का, विचारलं. नको म्हणाली.

भीती वाटतेय, आणि शनिवार कधी येतो असं झालंय.